नात्याचा रकाना

कांजीताईचा दिवस पहाटे साडेचारला सुरू व्हायचा. गजर साडेचारचा लावलेला असे, पण ती पाच मिनिटं आधीच उठायची आणि घड्याळाची कळ दाबून ठेवायची, शेजारी झोपलेल्या माणसाची झोप मोडू नये म्हणून. वीस वर्षांत तो गजर चार वेळा वाजला असेल. पावणेसहाला हॉस्पिटलच्या लाँड्रीत वाफ यायची, आणि वाफेच्या आधी माणूस जागेवर पाहिजे हा नियम तिचा होता. मुकादमाचा नव्हता. मुकादम सव्वासहाला यायचा आणि म्हणायचा, "तू घरी झोपतेस की इथंच दोरीवर?"

लाँड्री तळघरात होती. खिडक्या रस्त्याच्या पातळीला, त्यातून येणाऱ्याजाणाऱ्यांची फक्त पावलं दिसायची. वरच्या वॉर्डांतून मळक्या चादरींची गाठोडी खाली यायची, प्रत्येक गाठोड्याला एक चिठ्ठी खोचलेली: कुठला वॉर्ड, किती नग. ती गाठोडी सोडायची आणि निवडायची. रक्ताचं वेगळं, औषधाचं वेगळं, उरलेलं वेगळं. रक्ताला आधी गार पाणी. नव्या बायका घाईघाईत सगळं गरम पाण्याच्या मशीनमध्ये कोंबायच्या आणि डाग शिजून कापडात बसायचा. मग सोडा घाला नाहीतर देव पाण्यात घाला, तो जात नाही.

ओली चादर कोरडीच्या दुप्पट जड असते. मशीनमधून ओढून काढताना खांदा भरून येतो, आणि संध्याकाळी जेवताना घास तोंडापर्यंत नेतानाही जाणवतो. हे ज्यानं केलंय त्यालाच कळतं. रोलरमधून इस्त्री होऊन आलेली चादर दोघींनी समोरासमोर धरून घडी घालायची. काठाला काठ, कोपऱ्याला कोपरा. एक जण जरा ढिली पडली की घडी तिरकी. तिरकी घडी दिसली की कांजीताई काही बोलायची नाही, नुसतं ती उघडून समोरचीच्या हातात द्यायची.

नाव पडलं ते असं. एकदा ऑपरेशनच्या डॉक्टरांच्या चाळीस कोटांना गाठी झालेली कांजी बसली. मुकादम म्हणाला, "जाऊ दे, पेशंट बेशुद्धच असतो." हिनं चाळीसच्या चाळीस कोट पुन्हा भिजवले, कांजी गाळून घेतली, सगळे पुन्हा इस्त्री केले आणि दुपारचं जेवण संध्याकाळी जेवली. दुसऱ्या दिवसापासून ती कांजी झाली. वय वाढलं तशी कांजीताई.

तिच्या शेजारी झोपणारी बाई टायपिस्ट होती. कोर्टाच्या आवारात पत्र्याच्या छपराखाली टेबलांची रांग होती, त्यात शेवटून दुसरं टेबल तिचं. आवारात सगळे तिला टकटक म्हणायचे. लाँड्रीतल्या बायकांना हातमोजे हवे होते म्हणून कांजीताई पहिल्यांदा तिच्याकडे अर्ज घेऊन गेली. तो अर्ज हातानं लिहिलेला होता.

टकटकनं तो वाचला. "नम्र विनंती? नम्र कशाला? हात तुमचे भाजतायत."

"नम्र नाही लिहिलं तर साहेब वाचणार नाही."

"आणि नम्र लिहिलं तर वाचून ठेवून देईल. तुम्हीच ठरवा."

नम्र काढलं. हातमोजे चौदा महिन्यांनी आले. तोवर या दोघींनी घड्याळं दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानावरच्या दोन खोल्या भाड्यानं घेतल्या होत्या.

घड्याळवाल्यानं खोल्या दाखवताना विचारलं होतं, तुम्ही एकमेकींच्या कोण? कांजीताई चटकन म्हणाली, मावसबहिणी. पुढे लाँड्रीत कोणीतरी विचारलं तेव्हा म्हणाली, बहीण. टकटकला हे कळल्यावर ती हसून हसून खाटेवर आडवी झाली. "घरमालकाकडे मावस, कामावर सख्खी. दर मैलाला आपलं नातं जवळ येतंय. आणखी चार माणसं भेटली की जुळ्या होऊ."

"हसतेस काय? दुसरं काय सांगू?"

"काही नको सांगूस. गप्प बसलेल्या माणसाला फार तर आगाऊ म्हणतात. खोटारडा म्हणत नाहीत."

टकटक तशी हसरी, पण कागदाच्या बाबतीत कडक. कागद हा तिचा धंदा होता. तिनं आयुष्यभर लोकांची लग्नं टाइप केली, काडीमोड टाइप केले, दत्तकपत्रं, मृत्युपत्रं. एक चुकलेलं अक्षर माणसाला दहा वर्षं हेलपाटे मारायला लावतं, हे तिनं डोळ्यांनी पाहिलं होतं. घरात मात्र ती पसारेवाली. रविवारी घरच्या चादरी दोघी मिळून घडी करायच्या तेव्हा तिचं टोक नेहमी दोन बोटं खाली. कांजीताई उघडून परत द्यायची. "लाँड्रीत असतीस तर पहिल्या दिवशी हाकललं असतं."

"म्हणून तर कोर्टात बसते. तिथं तिरकं चालतं."

अशी एकोणीस वर्षं गेली.

विसाव्या वर्षी एक तरुण वकीलबाई टकटकच्या टेबलाशी आली. तिला एक याचिका टाइप करून हवी होती. दोन बायकांना किंवा दोन पुरुषांना लग्न नोंदवता येत नव्हतं. ते नोंदवून घ्यावं अशी मागणी होती. मागणारी दोन जोडपी होती, दोन्ही तरुण. टकटकनं दोन पानं टाइप केली, तिसरं घातलं आणि हात थांबवले.

"तिसरं जोडपं चालेल का?"

"कोणी आहे ओळखीचं?"

"एक मी. दुसरीला विचारून सांगते."

त्या संध्याकाळी तिनं घरी विषय काढला. कांजीताई पालेभाजी निवडत होती. ती निवडतच राहिली.

"नाव छापून येईल?"

"कोर्टात येईल. वर्तमानपत्रातही येईल कदाचित."

"लाँड्रीत कळेल."

"लाँड्रीत कळायचं काय राहिलंय? तुझा मुकादम परवा मला बाजारात भेटला. म्हणाला, तुमच्या कांजीताईंना सांगा उद्या बॉयलरवाला येणार आहे. तुमच्या म्हणाला."

"म्हणतो. पण कागदावर म्हणत नाही."

"तेच तर." टकटकनं तिच्या हातातली जुडी काढून घेतली. "कोण कोणाचं कोण लागतं, हे तीस वर्षं माझ्या बोटांखालून गेलंय. माझं कोण लागतं ते मला एकदा टाइप करू दे. उद्या मला काही झालं तर तुला दाराबाहेर उभी करतील. कोण तुम्ही, विचारतील. काय सांगशील?"

कांजीताईनं जुडी परत घेतली. "सही कधी करायची?"

"शनिवारी. अकराला. वकीलबाईंच्या ऑफिसात."

टकटकनं प्रतिज्ञापत्र स्वतः टाइप केलं. एरवी ती कोणाचंही पान दहा मिनिटांत उरकायची. या दीड पानाला तिनं तीन संध्याकाळी लावल्या. 'आम्ही दोघी गेली एकोणीस वर्षं एका घरात जोडीदार म्हणून संसार करत आहोत. आमच्यात याहून वेगळं कोणतंही नातं नाही आणि कधी नव्हतं.' खाली दोन सह्यांची जागा. तिनं वाचून दाखवलं. कांजीताई म्हणाली, "चांगलं आहे. एकही शब्द जास्त नाही." तिच्या तोंडून ही मोठी शाबासकी होती.

शनिवारी तिची सुट्टी होती. शुक्रवारी दुपारी तिनं एका बाईला गाठलं आणि म्हणाली, उद्या तू घरी राहा, तुझी पाळी मी करते. त्या बाईला काही कळलं नाही, तिनं फक्त आभार मानले. शनिवारी अकरा वाजले तेव्हा कांजीताई रोलरपाशी उभी होती. तिनं त्या दिवशी दोघींचं काम एकटीनं केलं. न सांगता कपाटांच्या मागची जागा घासून काढली. मेहनत चांगली गोष्ट आहे. पण माणूस मेहनतीच्या आड लपतो तेव्हा तिला मेहनत म्हणू नये. हे तिलाही कळत होतं, म्हणूनच ती थांबत नव्हती.

संध्याकाळी घरी येऊन म्हणाली, "रोलर बंद पडला होता. बोलावून घेतलं."

टकटक खिडकीशी बसली होती. "रोलर बंद, आणि अंगाला इस्त्रीचा वास?"

कांजीताईनं चपला काढून कोपऱ्यात ठेवल्या.

"वकीलबाई थांबल्या बारापर्यंत. मग मी माझी सही केली. तुझी पुढच्या तारखेआधी झाली तरी चालेल म्हणाल्या." टकटकनं ते दीड पान फळीवर, साखरेच्या डब्याखाली ठेवलं. "चादर असती तर दहा वेळा उघडून परत दिली असतीस."

पान साखरेच्या डब्याखाली राहिलं. साखर काढताना रोज दिसायचं. तारीख दोन महिने लांब होती. आज नको उद्या, असं करत करत तीन आठवडे गेले.

चौथ्या आठवड्यात एका दुपारी टकटकच्या पोटात कळ उठली आणि ती टेबलावरच वाकली. शेजारच्या टायपिस्टांनी तिला रिक्षात घातलं आणि कांजीताईच्या हॉस्पिटलात आणलं. निरोप तळघरात गेला. ती हातमोजे न काढताच जिना चढून वर आली.

नोंदणीच्या खिडकीत बसणारा कारकून तिला पंचवीस वर्षं ओळखत होता. "कांजीताई? तुम्ही आज वर कशा?" मग त्यानं ट्रॉली पाहिली आणि फॉर्म पुढे ओढला. नाव, वय, पत्ता भराभर लिहिलं आणि त्याचं पेन एका रकान्यावर थांबलं.

"पेशंटशी नातं?"

मागे रांग होती. ट्रॉलीवर टकटक डोळे मिटून पडली होती.

"जवळचं कोणी असेल तर बरं," कारकून म्हणाला. "ऑपरेशन लागेल बहुतेक. सहीला नातेवाईक लागतो. नाहीतर यांच्या घरच्यांना बोलवावं लागेल."

"बहीण," कांजीताई म्हणाली.

"सख्खी?"

"सख्खी."

त्यानं लिहिलं. तिनं हातमोजे काढून सही केली.

खरं सांगितलं असतं तर त्यानं काय केलं असतं? हाकललं असतं, की खांदे उडवून 'जोडीदार' लिहिलं असतं? पंचवीस वर्षांची ओळख होती, माणूस वाईट नव्हता. पण तिनं विचारूनच पाहिलं नाही, त्यामुळे तिला ते पुढे कधीच कळणार नव्हतं. बंद आहे असं समजून जे दार कधी ढकललंच नाही, ते उघडं होतं की बंद, याचा हिशोब लागत नाही.

लिफ्टमध्ये टकटकनं डोळे उघडले. वेदनेनं तोंड पांढरं झालं होतं, पण जीभ जागेवर होती. "एका सहीत मला माहेरी नेऊन सोडलंस."

"गप पड. आत यायला मिळालं ना?"

"मिळालं. बहिणीला मिळालं."

ऑपरेशन झालं. पोटात जे सापडलं ते चांगलं नव्हतं. काही आठवड्यांनी पुन्हा उघडावं लागेल असं डॉक्टर म्हणाले. सतरा दिवस ती वॉर्डात होती. सतराही दिवस तिच्या खाटेची चादर कांजीताईनं स्वतः धुतली, स्वतः वर नेली आणि घातली. सुरकुती नव्हती एकही. नर्स म्हणाली, "बहीण असावी तर अशी." टकटकनं भिंतीकडे तोंड केलं.

घरी आल्याच्या दुसऱ्या दिवशी कांजीताईनं साखरेच्या डब्याखालचं पान काढलं, रजा टाकली आणि वकीलबाईंच्या ऑफिसात जाऊन सही केली. वकीलबाईंनी सहीखाली त्या दिवसाची तारीख घातली. त्यांच्या मनात आणखी एक होतं: दुसरं ऑपरेशन जवळ आलंय, तेव्हा जोडीदाराची सही हॉस्पिटलनं मानावी असा तातडीचा हुकूम कोर्टाकडे मागायचा. खरीखुरी अडचण आहे, कोर्ट ऐकेल.

टकटकनं घरी विचारलं, "फॉर्मवर काय लिहिलंय ते सांगितलंस ना त्यांना?"

"सांगते."

तिनं सांगितलं नाही. लाज हे एक कारण होतं. दुसरं कारण असं, की तिला त्यात सांगण्यासारखं काही वाटलंच नाही. तिच्या कामात गाठोड्याला चिठ्ठी असते. चादरी धुऊन, मोजून वर गेल्या की संध्याकाळी चिठ्ठ्या बॉयलरमध्ये. इतक्या वर्षांत कोणी जुनी चिठ्ठी मागायला तळघरात आलं नव्हतं. वरचा फॉर्म म्हणजे तसलीच एक चिठ्ठी, असं ती धरून चालली. पेशंट घरी गेला, काम संपलं. कागद जपून ठेवतात, वर्षानुवर्षं ठेवतात, हे जिला माहीत होतं ती बाई औषधाच्या गुंगीत होती.

तारखेच्या दिवशी दोघी कोर्टात गेल्या. टकटक हळू चालत होती. आवारातले टायपिस्ट उठून उभे राहिले. एक जण म्हणाला, "काय टकटकबाई, आज गिऱ्हाईक म्हणून?"

"हो. आणि सवलत मिळत नाही म्हणे."

आत सरकारी वकील वयस्क होते, आवाज खाली ठेवून बोलणारे. त्यांनी कोणाची टिंगल केली नाही. फक्त दोन कागद न्यायाधीशांपुढे ठेवले. एक हॉस्पिटलचा फॉर्म, नऊ तारखेचा. दुसरं प्रतिज्ञापत्र, कांजीताईच्या सहीखाली सत्तावीस तारीख.

"अडवल्याची तक्रार आहे," ते म्हणाले, "पण यांना कोणी अडवलेलं नाही. सख्खी बहीण म्हणून यांनी सही केली आणि ती मानली गेली. अठरा दिवसांनी याच बाई शपथेवर लिहितात की आमच्यात जोडीदारीहून वेगळं नातं कधी नव्हतं. दोन्हीवर सही एकच आहे. एक खोटं आहे. कुठलं, ते त्यांनीच सांगावं."

वकीलबाईंनी वळून कांजीताईकडे पाहिलं. त्या पाहण्यात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. सही त्या शनिवारी झाली असती तर प्रतिज्ञापत्राची तारीख आधीची असती, आणि शपथेवर एकदा खरं लिहून दिलेली बाई खिडकीपाशी बहीण म्हणायला धजलीच नसती. सगळा खेळ दोन तारखांच्या क्रमाचा होता. सही केली, पण वरातीमागून घोडं.

मधल्या सुट्टीत वकीलबाई बाकावर त्यांच्याशेजारी बसल्या. "तुमचं नाव राहिलं तर ते बाकीच्या दोन जोडप्यांच्या केसलाही हेच लावतील. ही माणसं सोयीप्रमाणे नातं बदलतात म्हणतील."

"काढा," टकटक म्हणाली.

"मी न्यायाधीशांना समजावून सांगते," कांजीताई म्हणाली. "मी भ्याले म्हणून सांगते."

"आज नाही," वकीलबाई म्हणाल्या. "आज त्याचा उपयोग नाही."

नावं काढायची तर याचिकेची पानं नव्यानं टाइप करायला हवी होती. वकीलबाई दुसऱ्या कोणाकडे द्यायला निघाल्या, पण टकटकनं ती हातातून घेतली. पत्र्याच्या छपराखाली आपल्या टेबलाशी बसली, पोटाला उशी लावली आणि टाइप केली. अर्जदार पहिलं जोडपं, अर्जदार दुसरं जोडपं. तिथं थांबून तिनं पान ओढून काढलं. एकही चूक नव्हती. कांजीताई मागं उभी राहून पाहत होती. आपलं नाव आपल्याच हातानं गाळताना तिनं कोणाला पाहिलं नव्हतं.

"काहीतरी बोल," घरी आल्यावर ती म्हणाली. "शिव्या दे."

"शिव्या कशाला? तू भित्री आहेस हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तुला 'नम्र' काढायला लावलं तेव्हा तुझा घाम मी पाहिला होता." टकटकनं पोटावरची उशी सरकवली. "फक्त एक वाटतं. मी डोळे मिटून पडले होते ना ट्रॉलीवर, ते मुद्दाम. म्हटलं, बघू या काय म्हणते."

कांजीताईनं खाटेवरची चादर ओढून सरळ केली.

दुसऱ्या ऑपरेशनला सही बहीण म्हणूनच झाली. टकटक त्यातून उठली, पण महिनाभरानं एका सकाळी, वाफ यायच्या वेळेला, वॉर्डातच गेली. खालच्या खिडकीत तोच कारकून. मृत्यूच्या नोंदवहीत माहिती देणाऱ्याचं नाव आणि नातं लिहावं लागतं. त्यानं जुना फॉर्म पुढे ठेवून उतरवून काढलं. "बहीणच ना, ताई?" त्यानं हळूच विचारलं. बहीण नाही म्हणावं तर ही कोणाचीच कोणी नाही, आणि मग तिच्या हाती काहीच सोपवणार नाहीत. तिनं मान हलवली. तिसऱ्यांदा.

दुपारी टकटकचा भाऊ आला. तो वीस वर्षं आला नव्हता. त्यानं वहीत पाहिलं आणि कारकुनाला म्हणाला, "आम्हाला बहीण एकच होती. ती आत आहे. ही कोण?"

कारकुनानं कांजीताईकडे पाहिलं. ती बाजूला झाली. पुढचं सगळं भावानं केलं. स्मशानात ती शेवटच्या रांगेत उभी होती, लाँड्रीतल्या बायकांबरोबर. मुकादम तिच्याशेजारी उभा राहिला आणि काही बोलला नाही, ही त्याची माया. आठवड्यानं भाऊ खोलीवर आला आणि टाइपरायटर घेऊन गेला. "घरची वस्तू आहे," म्हणाला. बहिणीला जो हक्क असतो तो बहीण नसलेलीला नव्हता, आणि जो बायकोला असतो तो मागायची संधी तिनं स्वतःच घालवली होती. तिनं टाइपरायटर जिन्यापर्यंत उचलून दिला. जड होता.

दीड वर्षानं निकाल लागला. बाकीची दोन्ही जोडपी जिंकली. निकालाच्या तारखेपासून पुढे अशी लग्नं नोंदवली जातील, असं कोर्टानं म्हटलं. वकीलबाईंनी फोन केला तेव्हा कांजीताई फक्त म्हणाली, "चांगलं झालं." ती त्यातल्या एका जोडप्याच्या नोंदणीला गेली. दोन मुली होत्या, तिशीतल्या, सारख्या खिदळत होत्या. त्यांना तिनं कांजी केलेल्या दोन चादरी दिल्या. एक मुलगी म्हणाली, "काकू, घडी मोडायला जीव होत नाही."

"मोडायलाच असते," कांजीताई म्हणाली.

त्यानंतर वर्षभरानं ती निवृत्त झाली. फंडाची रक्कम हातात आली त्याच आठवड्यात ती वकीलबाईंकडे गेली आणि मृत्यूचा दाखला टेबलावर ठेवला. "हा शब्द बदलायचाय."

वकीलबाईंनी वाचला. "ताई, निकाल पुढच्यांना लागू आहे. मागच्यांना नाही. त्या हयात असताना लग्न झालेलं नाही. 'पत्नी' किंवा 'जोडीदार' लिहून मिळणार नाही."

"आणि बहीण? ते तरी खोटं आहे ना?"

"ते खोटं आहे."

"मग ते काढा. फी पूर्ण घ्या. मागची केस तुम्ही फुकट लढलात, ती मी घालवली. ही फुकट नको."

बहीण नाही हे सिद्ध करायला साक्षीदार लागत होता, आणि तो एकच होता. वकीलबाईंनी भावाला कागद पाठवला. तो आनंदानं आला. 'सदर बाई आमची बहीण नाही, नात्यातली नाही, आमच्या घराण्याशी तिचा काडीचाही संबंध नाही,' असं त्यानं शपथेवर लिहून दिलं. त्याला वाटलं, आपण तिला हाकलतोय. सही करून उठताना त्यानं विचारलं, "यात हिचा फायदा काय?" वकीलबाई म्हणाल्या, "ते मलाही नीटसं कळलेलं नाही."

न्यायाधीश दुसरे होते. त्यांनी जुना फॉर्म पाहिला, जुनं प्रतिज्ञापत्र पाहिलं, तारखा पाहिल्या.

"बाई, प्रतिज्ञापत्र आधी टाइप झालेलं दिसतंय. सही इतक्या उशिरा का?"

"भ्याले, साहेब."

"आणि खिडकीपाशी?"

"तिथंही."

त्यांनी थोडा वेळ तिच्या हातांकडे पाहिलं. मग लिहायला घेतलं. अर्जदार मृताची बहीण नव्हती, एवढं सिद्ध होतं. तेवढी नोंद रद्द करावी. दुसरं कोणतंही नातं नोंदवण्याचा अधिकार या न्यायालयाला नाही.

नवा दाखला तीन आठवड्यांनी मिळाला. कांजीताई तो घेऊन दोन खोल्यांवर आली. घड्याळवाला दुकानात होता, म्हणाला, "काय मावशी, कोर्टाचं काम झालं?" ती म्हणाली, "झालं. आणि ती माझी मावसबहीण नव्हती." घड्याळवाल्यानं डोळ्याला लावलेलं भिंग काढलं नाही. "माहीत आहे की," म्हणाला. "छत पातळ आहे. दोन बहिणी एकोणीस वर्षं इतकं हसत नाहीत."

तिनं वर जाऊन दाखला खिडकीशी धरून वाचला. मृताचं नाव, वय, धंदा टायपिस्ट. माहिती देणाऱ्याच्या रकान्यात तिचं नाव. त्याच्यापुढं नात्याचा रकाना. एकतीस वर्षं पहाटे साडेचारला उठून खांद्यावर ओल्या चादरी ओढल्या, त्या कमाईतून वकीलबाईंची फी गेली आणि या कागदाचं शुल्क गेलं. त्या रकान्यात आता काही नव्हतं, फक्त एक आडवी रेघ होती. तिनं रेघेवर बोट फिरवून पाहिलं. या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ होती. मग तिनं दाखल्याची घडी घातली, काठाला काठ, आणि साखरेच्या डब्याखाली ठेवून दिला.